‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एक लेख आला होता, टॉक्सिक जोडीदार कसा ओळखायचा वगैरे, त्यात नार्सिसिस्ट, सायकोपाथ आणि बॉर्डरलाईन असे तिघं एकाच बाकावर बसवलेले आणि खाली सल्ला काय तर असा माणूस दिसला की वेळीच पळ काढा. तो लेख आमच्या फॅमिली ग्रुपवर आमच्याच एका काकांनी फॉरवर्ड केला, त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की त्या ग्रुपवर एक बॉर्डरलाईन बसलेला आहे, माझा धाकटा भाऊ. त्याने लेख वाचला आणि खाली अंगठा टाकला. बाकी काही बोलला नाही, म्हणून मी बोलतेय. रागाने लिहिलंय असं वाटलं तर वाटू दे, थोडा राग आहेच.

आधी हे काय असतं ते सांगते कारण लेखात ते कुठेच नव्हतं. बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, शॉर्टमध्ये बीपीडी. (आमच्याकडे सुरुवातीला निम्म्या लोकांना ते बीपी वाटलं, आत्या म्हणाली मीठ कमी करा त्याचं.) अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जे जाडजूड पुस्तक वापरतात त्यात हा आजार १९८० साली आला. त्यात आता नऊ लक्षणं दिलीत आणि त्यातली कमीत कमी पाच तरी असायला लागतात, ती पण वर्षानुवर्षं आणि सगळीकडे, म्हणजे घरी पण ऑफिसात पण मित्रांत पण. आपल्याला कोणीतरी सोडून जाणार ही भीती आणि ते होऊ नये म्हणून वाट्टेल ते करणं, आज जो देवमाणूस तोच उद्या एक नंबरचा हलकट वाटणं, मी नक्की कोण हेच पक्कं नसणं, पैसे उधळणं दारू पिणं भरधाव गाडी हाणणं असलं अंगाशी येणारं काहीतरी, स्वतःला इजा करणं किंवा मरायची भाषा, तासातासाला मूड पालटणं, आत सतत रिकामं रिकामं वाटणं, न आवरणारा राग, आणि फार ताण आला की सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं नाहीतर आपण इथे नाहीच असं बधिर होऊन जाणं. आता हे वाचून कोणीही म्हणेल यातलं अर्धं तर माझ्यात पण आहे. असतंच हो. प्रश्न किती प्रमाणात आणि किती वर्षं याचा असतो, आणि त्यापायी नोकरी, नाती, जीव यातलं काय काय जातंय याचा. शंभरात साधारण एक-दोन माणसांना हा त्रास असतो असं बरेच सर्व्हे सांगतात, म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीत चार-पाच जण सहज निघतील आणि त्यांचा टॉक्सिकपणा ओळखत बसण्यापेक्षा बरीच चांगली कामं शेजाऱ्यांना करता येतील.

भावाचं सांगते, त्याला विचारूनच सांगतेय. एक संध्याकाळ सांगितली तरी पुरेल. मी शेजारी हळदीकुंकवाला गेले होते, फोन पर्समध्ये सायलेंटवर. बाहेर येऊन बघते तर त्याच्या मेसेजची ही रांग. पहिला, ‘ताई बिझी आहेस का’. मग ‘सहज फोन केलेला’. मग ‘ठीक आहे नको उचलू’. मग ‘तुला पण मी नकोसा झालोय माहितीये मला’. त्यानंतर जे होतं ते पेपरात छापण्यासारखं नाही, माझ्या आईबापावरून शिव्या होत्या, म्हणजे स्वतःच्याच आईबापावरून, पण त्या क्षणी ते सुचत नाही ना. मग काही मेसेज डिलीट केलेले. मग ‘सॉरी ताई तू सोडून कोणे मला’. आणि सगळ्यात शेवटी ‘जेवलीस का’. हे सगळं दीड तासाच्या आत, आणि मी त्या दीड तासात तिळगूळ घेत होते, मला पत्ताही नव्हता की तिकडे मी एकदा मेले, एकदा वैरीण झाले आणि परत ताई झाले.

यात नाटक काही नव्हतं, हे बाहेरच्यांना पटवणं महाकठीण. लोक म्हणतात लक्ष वेधून घ्यायला करतो. अहो लक्ष वेधून घ्यायचं असतं तर माणूस मेसेज डिलीट कशाला करेल? बाथरूमची कडी लावून तासभर आत बसून, बाहेर येऊन ‘पोट बिघडलंय’ कशाला सांगेल?

त्याला आधी डिप्रेशन सांगितलं गेलं, मग दुसऱ्या डॉक्टरांनी बायपोलर (मूड काही दिवस खूप चढतो आणि काही दिवस खूप पडतो तो आजार), आणि मग कुठे तिसऱ्या मॅडमनी नीट वेळ देऊन, आईला आणि मला वेगवेगळं बसवून सगळं विचारून बीपीडी म्हटलं. बायपोलर आणि याच्यात घोळ होणं फार कॉमन आहे म्हणे, दोन्हीत मूड बदलतात म्हणून. पण बायपोलरमधली चढती लाट चार-चार दिवस, आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकते आणि कधीकधी काही कारण नसताना येते. इथे हिशोब तासांचा असतो आणि मागे बहुतेक वेळा कोणीतरी माणूस असतो, कोणी फोन उचलला नाही, कोणी बोलताना आवाज बदलला, बॉसने गुड मॉर्निंगला उत्तर दिलं नाही.

अजून एक, हा बायकांचा आजार असं नेटवर सगळीकडे दिसतं. दवाखान्यात येणाऱ्यांत बायका जास्त दिसतात हे खरंय, पण अमेरिकेत हजारो लोकांना घरोघरी जाऊन विचारलेला एक मोठा सर्व्हे २००८ मध्ये छापून आला त्यात बाई आणि पुरुष जवळपास सारखेच निघाले. मला तरी त्याचं नवल वाटलं नाही. पोरगी सारखी रडायला लागली की उशिरा का होईना डॉक्टरकडे नेतात. पोरगा भिंतीवर बुक्क्या मारायला लागला की ‘आजोबांवर गेलाय’ म्हणतात, आमच्या आजोबांचा राग अख्ख्या भावकीत फेमस होता. मग तो पोरगा दारू सोडवायच्या केंद्रात पोचतो नाहीतर चौकीत, मानसोपचाराच्या ओपीडीत नाही पोचत.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे एकच वाक्य सतत ऐकलं, स्वभावाला औषध नाही. वडील म्हणायचे, मामा म्हणायचे, एका डॉक्टरांनी पण म्हटलं, आणि गंमत अशी की ते तसं बरोबरच आहे. बीपीडीसाठी म्हणून अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी खात्याने मंजूर केलेलं एकही औषध आजच्या घडीला नाही. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्य यंत्रणेसाठी २००९ साली जी नियमावली निघाली तिच्यात स्पष्ट लिहिलंय की खास या आजारासाठी म्हणून गोळ्या देऊ नका. लॅमोट्रिजिन नावाच्या गोळीवर बऱ्याच लोकांची आशा होती, तिचा पण तिकडे मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये निकाल आला, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा काही फायदा दिसला नाही. आणि इकडे आमच्या भावाच्या डब्यात सकाळच्या दोन आणि रात्रीच्या तीन. प्रत्येक भांडणानंतर एक वाढायची, कमी कधीच नाही. (इथे थांबून सांगते, हे वाचून कोणी गोळ्या एकदम बंद करू नका. सोबत डिप्रेशन, झोपेचा त्रास, बायपोलर असं काही असेल तर त्याला गोळ्या लागतात, आणि कमी करायच्या त्या डॉक्टरनीच, हळूहळू. भावाच्या दोन अजून चालू आहेत.)

पण औषध नाही म्हणजे इलाज नाही असं नव्हे, आणि नेमकं इथेच आपल्याकडे गाडी अडते. इलाज बोलण्याचा आहे, शिकण्याचा आहे, आणि तो चालतो.

यात सगळ्यात गाजलेली पद्धत डीबीटी, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. ती काढली मार्शा लिनेहन या बाईंनी, सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये, पहिला अभ्यास १९९१ मध्ये छापला. पण मला त्यांच्या थेरपीपेक्षा त्यांची गोष्ट आधी भिडली. १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतःच हार्टफर्ड गावच्या मनोरुग्णालयात भरती होत्या, दोन वर्षांच्या वर. भारी गोळ्या, शॉक, एकटीला खोलीत कोंडून ठेवणं, सगळं झालं. पुढे त्याच बाई शिकून प्रोफेसर झाल्या, असल्याच पेशंटसाठी थेरपी उभी केली, ती जगभर गेली, आणि इतकी वर्षं हे लोकांपासून झाकून ठेवून २०११ मध्ये, साठी उलटल्यावर, त्याच हॉस्पिटलात उभं राहून त्यांनी ते जाहीर सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की या माणसांना भावनेची कातडीच नसते, सगळ्या अंगाला भाजलेल्या माणसाला नुसता हात लागला तरी जसं होतं तसं यांचं होतं. जन्मतःच काही मुलं अशी हुळहुळी असतात (जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास निघतो) आणि त्यात घर, शाळा जर सारखं ‘एवढं काय झालं त्यात’ म्हणणारं असेल तर मुलाला आपल्याला नक्की काय वाटतंय आणि ते किती वाटायला पाहिजे हे कधी कळतच नाही. बऱ्याच जणांच्या लहानपणी मारहाण, अत्याचार, आईबाप सोडून जाणं असलं काही झालेलं असतं, पण सगळ्यांच्याच नाही. आमच्याकडे तसं काही नव्हतं. वडील सरळ माणूस, फक्त ‘मुलीसारखा रडू नको’ हे दिवसातून एकदा तरी ठरलेलं, जसं बाकीच्या घरांतही असतं.

डीबीटीत आठवड्याला एकदा एकट्याचं सेशन आणि एकदा ग्रुपचा क्लास, चक्क क्लास, गृहपाठासकट. रोज रात्री एक कार्ड भरायचं, आज राग किती, मरावंसं किती वाटलं, त्यावर काय केलं. अर्धा भाग असतो जे आहे ते आहे असं मान्य करायचा, लिनेहनबाईंनी झेन साधना केलेली ती इथे कामाला आली, आणि अर्धा भाग बदलायचा. काही युक्त्या तर एकदम देशी वाटतील अशा आहेत. डोकं फार तापलं की गार पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखून धरायचा, त्याने हृदयाचे ठोके खाली येतात, शरीराचीच ती प्रतिक्रिया आहे (हार्टचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरना विचारल्याशिवाय करू नये). भावाने पहिल्यांदा ते घरी केलं तेव्हा रात्री फ्रिजमधला सगळा बर्फ दुधाच्या पातेल्यात ओतून त्यात डोकं घातलं होतं, आई पाणी प्यायला उठली आणि तो जीव देतोय म्हणून तिने जी बोंब ठोकली, वरच्या मजल्यावरचे खाली आले. आता पातेलं वेगळं काढून ठेवलंय आणि कोणी बोंबलत नाही.

आणि बरं किती जण होतात? बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलात मेरी झनारिनी या बाईंनी १९९२ पासून बीपीडीच्या २९० पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, सगळे हॉस्पिटलात भरती करायची वेळ आलेले, म्हणजे हलक्या केसेस नव्हेतच. दहा वर्षांत त्यातल्या ९३ टक्के लोकांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी निदानात बसणार नाहीत इतकी उतरली. त्र्याण्णव! हा आकडा मला कुठल्याही डॉक्टरने सांगितला नाही, आणि सांगितला असता तर आईने वाडीला ज्या वाऱ्या केल्या त्यातल्या निम्म्या तरी कमी घाबरून केल्या असत्या. आता त्याच अभ्यासातली दुसरी बाजू पण सांगते, लक्षणं गेली म्हणजे संसार मार्गी लागला असं नाही, नोकरी पण टिकतेय आणि जवळचं एखादं नातं पण टिकतंय असं दोन्ही जमलेले साधारण निम्मेच. मरायची भाषा आणि स्वतःला इजा करणं हे आधी कमी होतं, रिकामं वाटणं चिवट असतं ते मागे राहतं. भावाचं अगदी तसंच चाललंय.

घरच्यांनी काय करायचं हे कोणी शिकवत नाही. लग्न करून द्या ताळ्यावर येईल, हे तर सगळ्यांनीच सांगितलं, म्हणजे ज्या माणसाला कोणी सोडून जाईल याचीच भीती त्याला अजून एक माणूस आणून द्या आणि त्या परक्याच्या मुलीने काय करायचं ते तिचं तिने बघावं. दुसरा सल्ला इगतपुरी, विपश्यना. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, पण गंभीर मानसिक आजार असेल तर येऊ नका असं त्यांच्याच माहितीपत्रकात असतं, आणि दहा दिवस मौन, फोन नाही, घरच्यांशी बोलणं नाही, हे आमच्या भावाला कसं झेपलं असतं तुम्हीच सांगा. आम्हाला थेरपिस्टनी जे शिकवलं ते साधं वाटतं पण तोंडातून निघता निघत नाही. आधी त्याला जे वाटतंय ते खरं वाटतंय एवढं कबूल करायचं, मग आपली मर्यादा सांगायची. म्हणजे ‘एवढ्याशावरून काय रे’ असं नाही म्हणायचं, म्हणायचं ‘मी फोन उचलला नाही, तुला वाटलं मी टाळतेय, वाईट वाटणारच. पण शिव्या चालू झाल्या की मी फोन ठेवणार, आणि आठ वाजता मी स्वतः करणार’. आणि मग आठ म्हणजे आठलाच करायचा, कुकरची शिट्टी होऊ दे नाहीतर दारात पाहुणे उभे राहू देत. तो तिकडे पावणेआठपासून फोन हातात घेऊन बसलेला असतो. वडिलांना हे अजून पटत नाही, ते म्हणतात लाड आहेत, पण हल्ली तो ओरडायला लागला की ते उठून गॅलरीत जातात, आणि आमच्या वडिलांच्या मानाने ते खूप झालं.

जोडीदाराबद्दल पण लिहायला हवं, नाहीतर वाटेल मी एकच बाजू मांडतेय. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नाही, मार खात तर कोणीच राहू नये, निदान काहीही असो. पण ‘बॉर्डरलाईन आहे म्हणून पळ’ हे वेगळं आणि ‘हात उचलतो म्हणून निघ’ हे वेगळं. घटस्फोटाच्या केसमध्ये मानसिक आजाराचं नाव निघालं तरी १९८८ साली सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की नुसतं लेबल पुरत नाही, त्या माणसात तो आजार किती आहे ते बघावं लागतं. कोर्टाला कळतं ते पुरवणीला पण कळायला हरकत नाही.

आता खरी अडचण, मिळतं कुठे हे सगळं. डीबीटी शिकलेली माणसं मुंबई-पुण्यात एकवटलेली, आमच्यासारख्यांना ऑनलाईन, आम्ही एका सेशनला दीड हजार मोजतो, महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका हिशोबाप्रमाणे देशात लाख लोकांमागे एक सायकियाट्रिस्ट पण भरत नव्हता, पाऊण होता. असल्या गर्दीत दर आठवड्याला पाऊण तास बोलायला वेळ कुठून काढणार तो डॉक्टर. मेडिक्लेमचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, आणि या आजारात सगळं काम भरती न होण्यासाठीच तर चाललेलं असतं! तरी एक आशेची गोष्ट वाचली ती सांगते. टोरांटोमध्ये २००९ साली डीबीटीची तुलना नेहमीच्याच मानसोपचाराशी केली, फक्त तो डॉक्टर या आजाराची नीट माहिती असलेला आणि दर आठवड्याला भेटणारा हवा, तर वर्षाच्या शेवटी दोन्हीकडचे पेशंट जवळपास सारखेच सुधारलेले. म्हणजे आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टर-सोशल वर्करना एवढं प्रशिक्षण दिलं आणि पेशंट कमी माथी मारले तरी बरंच होईल. हे कोणीतरी आरोग्य खात्याला विचारा, वाचकांनी विचारून उत्तर मिळत नाही, पेपरने विचारलं तर मिळतं कधीकधी.

आणि शेवटचं तुमच्या पहिल्या पानाबद्दल. ‘क्षुल्लक कारणावरून तरुणाने जीवन संपवले’, ‘मोबाईल दिला नाही म्हणून’, ‘आई रागावली म्हणून’. कारण क्षुल्लक होतं हे कोणी ठरवलं? प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम दिलेत, भडक हेडिंग नको, ठळक जागा नको, कसं केलं त्याचं वर्णन नको, फोटो नको. कायद्याचं पण लोकांना अजून माहीत नाही, त्या २०१७ च्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत त्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम तसं राहिलंच नाही, पण पोलीस केस होईल या भीतीने घरचे आजही खोटं सांगतात, औषध चुकून प्यायला म्हणून, आणि मग पुढचा इलाज पण चुकीचाच होतो. हे छापा एकदा ठळक.

पत्र छापलंत तर नाव-गाव देऊ नका. भावाची हरकत नाही, पण नोकरी नवीन आहे आणि त्याच्या ऑफिसात तुमचाच पेपर येतो. लांबलंय मला माहितीये, जागा कमी पडली तर आजोबांचं काढा, पातेल्याचं काढा, पण टेलि-मानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर तेवढा ठेवा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलतात.

आपली,
एक नियमित वाचक